काल्पनिक राज्यातला राजाचा अंगरक्षक नाइट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत फँटसी लिहिणाऱ्यांना आणि टेबलाभोवती बसून भूमिका-खेळ खेळणाऱ्यांना राजाच्या अंगरक्षकाचं पात्र फार आवडतं. पण बहुतेक ठिकाणी तो सिंहासनामागे चकचकीत चिलखतात उभा असतो आणि द्वंद्वाची वेळ आली की पुढे येतो. त्याची खरी कामगिरी उरलेल्या सगळ्या वेळात चालते. दार कोण उघडतं, किल्ली कुणाकडे आहे, राजाच्या किती जवळ कोण येतंय, हे बघणं त्याचं काम. नाइट, म्हणजे सरदारी दर्जाचा घोडेस्वार योद्धा, हा मूळचा युरोपातला, म्हणून खालची उत्तरं मुख्यतः बाराव्या ते सोळाव्या शतकातल्या तिथल्या दरबारांवर बेतली आहेत. राज्य तुमच्या मनातलं असू दे, पण माणसाची झोप, पत्र्याचं वजन आणि थकलेला पगार तिथेही असेच वागतील.

नाइट आणि अंगरक्षक एकच का?

नाही. नाइट हा दर्जा आहे, अंगरक्षक ही नोकरी आहे. बरेच नाइट आपापल्या जहागिरीवर राहत आणि बोलावणं आलं की ठरलेले दिवस लढाईला येत. राजाच्या खाशा पथकातले नाइट मात्र वाड्यातच जेवत, पगार घेत आणि राजाने दिलेले कपडे घालत. उलट, सगळेच अंगरक्षक नाइट नसत. इंग्लंडच्या सातव्या हेन्रीने १४८५ मध्ये जे रक्षक पथक उभं केलं, त्यात सरदार घराण्यातली माणसं नव्हती, साधी जमीनदार शेतकरी वर्गातली माणसं होती. पुढे आठव्या हेन्रीने १५०९ मध्ये उच्चकुलीनांचं वेगळं पथक काढलं. तुमच्या राज्यातही असे दोन थर ठेवा. आतल्या दालनात नाइट, बाहेरच्या दारांवर पगारी शिपाई. या दोघांत कुरबुरी होणारच, आणि कथेला त्या उपयोगी पडतात.

एका राजाला किती अंगरक्षक पुरतात?

कथेत बहुधा पाच-सात जणांचं पथक असतं. एवढ्यात भागत नाही. साधा हिशेब करून बघा. एका जागेवर अष्टौप्रहर एक माणूस हवा असेल, तर आठवड्याचे १६८ तास भरायचे आहेत. एक माणूस रोज सहा तास, आठवड्यातून सहा दिवस उभा राहिला तर ३६ तास होतात. म्हणजे एका जागेमागे पाच माणसं. आता जागा मोजा. शयनगृहाचं दार, बाहेरच्या दालनाचं दार, जिन्याचं तोंड आणि राजाबरोबर चालणारे दोघे, अशा पाच जागा धरल्या तर पंचवीस माणसं झाली. आजारी, जखमी, निरोप घेऊन गेलेले, नव्या भरतीला शिकवणारे असे धरले की आकडा तिसाच्या घरात जातो. राणी आणि युवराज यांची माणसं वेगळी.

सात नावाजलेले नाइट हवेच असतील, तर त्यांना पाळीप्रमुख करा आणि प्रत्येकाच्या हाताखाली चार-पाच जण द्या. आणि सलग सहा तास एकाच जागी उभं करू नका. दोन तासांनंतर नजर मरगळते. लंडनच्या राजवाड्याबाहेरचे पहारेकरी आजही दोन तासांच्या पाळीनेच उभे राहतात. रात्रीच्या हल्ल्याचं प्रकरण लिहिताना पाळी बदलायची वेळ निवडा. जुना पहारा पेंगुळलेला असतो, नव्याची नजर अजून अंधाराला सरावलेली नसते, आणि तेवढ्यापुरतं दारही उघडं असतं.

तो राजापासून किती अंतरावर उभा राहतो?

हात लांबवला की राजाचा खांदा धरता येईल इतक्या जवळ एक जण, आणि येणाऱ्या माणसाच्या वाटेत दुसरा. फ्रान्सच्या राजांच्या स्कॉटिश रक्षकांत चोवीस जणांची एक निवडक तुकडी होती. तिचं फ्रेंच नावच ‘बाहीचे रक्षक’ अशा अर्थाचं होतं, कारण ते राजाच्या बाहीला लागूनच असत.

जवळ का राहायचं, ते एका आकड्यावरून कळतं. १९८३ मध्ये डेनिस ट्युलर या अमेरिकी पोलीस प्रशिक्षकाने मोजून दाखवलं की चाकू घेऊन धावणारा माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. लांब तलवार म्यानातून पूर्ण बाहेर काढायलाच जवळपास तेवढा वेळ लागतो. म्हणून दालनाच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला शूर नाइट राजाला वाचवू शकत नाही. तो फार तर सूड घेईल.

तो दिवसभर संपूर्ण चिलखतात असतो का?

नसतो, आणि ठेवूही नका. पंधराव्या शतकातलं लढाईचं पूर्ण पत्र्याचं चिलखत साधारण १५ ते २५ किलोंचं असे. भाल्याच्या शर्यतीचं, म्हणजे समोरासमोर घोडे दौडवून एकमेकांवर भाला मारायच्या खेळाचं, त्याहून बरंच जड असे, कारण त्यात थोडाच वेळ काढायचा असतो. हे वजन सगळ्या अंगावर वाटलेलं असतं. त्यामुळे माणूस पळू शकतो, पडला तर उठू शकतो, घोड्यावरही चढतो. नाइटला यारीने, म्हणजे वजन उचलायच्या यंत्राने, उचलून खोगिरावर बसवत, ही निव्वळ दंतकथा आहे.

त्रास वेगळाच आहे. २०११ मध्ये लीड्समध्ये चिलखत घातलेल्या माणसांना फिरत्या पट्ट्यावर चालवून श्वास मोजले, तेव्हा चालायला नेहमीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते असं दिसलं. पायांवरचा पत्रा प्रत्येक पावलाला उचलावा लागतो आणि छातीच्या पत्र्यामुळे खोल श्वास घेता येत नाही. शिवाय आत कापूस किंवा ताग भरलेला डगला असतो. उन्हात घाम बाहेर पडत नाही, पाणी प्यायचं तर शिरस्त्राण उघडावं किंवा काढावं लागतं, आणि तासाभरात डोकं गरगरायला लागतं.

तिसरी अडचण नजरेची. शिरस्त्राणाची झडप खाली केली की समोरची एक आडवी चीर तेवढी दिसते. पायाशी काय आहे आणि बाजूने कोण आलं ते कळत नाही, ऐकूही कमी येतं. अंगरक्षकाला नेमकं हेच चालणार नाही. म्हणून दरबारात डोकं उघडं किंवा झडप नसलेलं शिरस्त्राण, अंगरख्याच्या आत कड्यांचं चिलखत किंवा कापडाच्या आत छोटे पत्रे ठोकलेलं जाकीट, आणि हात मोकळे. पूर्ण चिलखत रणांगणासाठी, मिरवणुकीसाठी, आणि दहशत बसवायची असेल तेव्हा.

चिलखत कसं चढवतात? किती वेळ लागतो?

मदतनीस असेल तर पंधरा-वीस मिनिटं. एकट्याला पूर्ण चढवता येत नाही, कारण पाठीचे आणि खांद्याचे पट्टे हाताला येत नाहीत. म्हणून अंगरक्षकाबरोबर स्क्वायर, म्हणजे हाताखालचा तरुण, असायलाच हवा.

क्रम पायाकडून वर जातो. आधी गादीचा डगला. त्याला मेण लावलेल्या दोऱ्यांच्या जोड्या असतात आणि काखेत, कोपरात कड्यांच्या चिलखताचे तुकडे शिवलेले असतात. मग पावलांचे पत्रे, नडगी, गुडघा आणि मांडी. मांडीचा पत्रा डगल्याच्या दोऱ्यांना बांधतात, म्हणजे वजन कमरेवर येतं. त्यानंतर कमरेभोवती कड्यांचा घेर, मग छाती-पाठ, मग हात, खांदे, गळा. दस्ताने आणि शिरस्त्राण सगळ्यात शेवटी, कारण दस्ताना घातल्यावर बक्कल लावता येत नाही.

बिघडतं ते पत्र्यात क्वचित, बहुतेक वेळा बांधणीत. दोरी जास्त आवळली की वाकल्यावर तुटते आणि मांडीचा पत्रा गुडघ्यावर घसरतो. चामड्याचा पट्टा घामाने कुजतो. गुडघ्याच्या सांध्यातला रिव्हेट सैल झाला की पाय अडकतो. आणि चिलखत मापाने केलेलं असतं. शांततेच्या काळात अंगरक्षकाचं पोट सुटलं, तर छातीचा पत्रा बाजूने बंदच होत नाही. उसनं चिलखत घालून लढणारा नायक दाखवायचा असेल, तर ते त्याला कुठे तरी रुतलंच पाहिजे.

निगा कशी राखतात?

कड्यांचं चिलखत वाळू आणि व्हिनेगरसह पिंपात घालून गडगडवतात, गंज निघतो. पत्रे घासून, पुसून, तेल लावून ठेवतात. पावसात भिजलेलं चिलखत रात्री तसंच राहिलं तर सकाळी तांबूस डाग दिसतात.

हत्यार कोणतं द्यावं?

जागा बघून ठरवा. लांब तलवार एक ते दीड किलोच्या आसपास असते, दहा किलोची तलवार कुठलाच नाइट वापरत नसे. बोळात किंवा गोल जिन्यात लांब पात्याचा वार भिंतीला लागतो. तिथे एक हात पात्याच्या मध्यावर धरून तलवार आखूड भाल्यासारखी भोसकतात. अंगाला अंग भिडलं की खंजीर. त्याचं लक्ष्य काख, जांघ, कोपराची आतली बाजू आणि झडपेची चीर, म्हणजे जिथे पत्रा नाही तिथे. दारावरच्या पहारेकऱ्याला हॅल्बर्ड, म्हणजे लांब दांड्यावर कुऱ्हाड आणि भाल्याचं टोक असलेलं हत्यार, सोयीचं, कारण माणसाच्या उंचीहून लांब दांडा आडवा धरला की दारच बंद होतं, आणि न मारताही माणूस अडवता येतो. पत्र्याच्या चिलखतावर तलवारीचा वार घसरतो. त्याला दांड्याची कुऱ्हाड किंवा हातोडा हवा.

ढाल विसरू नका. राजाला झाकायला तलवारीपेक्षा ढाल जास्त उपयोगी.

हल्ला झाला तर तो नेमकं काय करतो?

क्रम असा ठेवा. धोका दिसताच मोठ्याने एकच ठरलेला शब्द. सगळ्यात जवळचा राजाला पकडतो, खाली दाबतो किंवा मागे ओढतो आणि स्वतः मधे येतो. तो लढत नाही. वाटेतला माणूस हल्लेखोराचा हत्यार असलेला हात धरतो किंवा अंगावर जाऊन त्याला दूर ढकलतो. तिसरा बाहेर जायचं दार मोकळं करतो. चौथा उलटीकडे बघतो, कारण पहिला हल्लेखोर बऱ्याचदा लक्ष वेधण्यापुरताच असतो. मग राजा आधी ठरलेल्या खोलीत, आतून अडसर, आणि ठरलेली खूण मिळेपर्यंत दार उघडायचं नाही.

याचा सगळ्यात मोठा दाखला ६ मे १५२७ चा. रोमवर सैन्य तुटून पडलं तेव्हा पोपच्या १८९ स्विस रक्षकांपैकी १४७ जण मारले गेले. उरलेल्या ४२ जणांनी सातव्या क्लेमेंटला तटबंदीवरच्या उंच वाटेने कास्तेल सांतांजेलो किल्ल्यात पोचवलं. मागच्यांनी वेळ विकत घेतला आणि पुढच्यांनी तो वापरला. ती वाट आधीपासून बांधलेली होती म्हणून हे जमलं. तुमच्या राजवाड्याचा नकाशा काढताना अशी वाट आधी आखा.

रणांगणावर झेंडासुद्धा कामाला येतो. २७ जुलै १२१४ ला बुव्हीनच्या लढाईत शत्रूच्या पायदळाने फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपला लोखंडी आकड्यांनी घोड्यावरून खाली खेचलं. चिलखताने त्याला तारलं, जवळच्या नाइटांनी कडं केलं, आणि निशाणधारी गालों द मोंतिन्यीने झेंडा वरखाली हलवून मदत बोलावली.

इतिहासात अंगरक्षक कुठे कमी पडले?

हा प्रश्न लिहिणाऱ्यांनी सगळ्यात आधी विचारावा, कारण कथानक इथेच सापडतं. बहुतेक ठिकाणी राजाच नियम मोडतो.

१ ऑगस्ट १५८९ ला फ्रान्सच्या तिसऱ्या हेन्रीकडे जाक क्लेमां नावाचा भिक्षू पत्र घेऊन आला. गुप्त निरोप आहे म्हणाला, राजाने माणसांना मागे सरायला सांगितलं, आणि वाचता वाचता त्याच्या पोटात सुरी गेली. रक्षकांनी क्लेमांला तिथल्या तिथे ठार केलं, त्यामुळे त्याला कुणी पाठवलं हे त्याच्याकडून वदवून घ्यायची सोयही उरली नाही. यातून दोन नियम निघतात. अनोळखी माणसाचा निरोप राजाच्या हातात थेट जात नाही, आणि मारेकरी शक्यतो जिवंत धरायचा.

१४ मे १६१० ला चौथ्या हेन्रीची गाडी पॅरिसच्या अरुंद रस्त्यात गाड्यांच्या खोळंब्यात अडकली. रक्षक बरोबर नव्हते, नोकर पुढे गेले होते. रावाय्याक नावाचा मारेकरी चाकावर पाय देऊन चढला आणि त्याने भोसकलं. थांबलेलं वाहन हा अंगरक्षकासाठी सगळ्यात वाईट क्षण.

तिसरी घटना तर कुणी रचली असती तर खोटी वाटली असती. ३० जून १५५९ ला दुसऱ्या हेन्रीने भाल्याच्या शर्यतीत स्वतःच्याच स्कॉटिश रक्षकांच्या अधिकाऱ्याला, गाब्रिएल द माँगोमेरीला, आणखी एक फेरी धावायला भाग पाडलं. मोडलेल्या भाल्याची फाळकी झडपेतून डोळ्यात घुसली आणि १० जुलैला राजा गेला.

राजाचं अन्न तोच चाखतो का?

ते काम स्वयंपाकघर आणि वाढपी यांच्याकडे असतं. चाखून विष कळेलच असंही नाही. सोमलासारख्या विषाची लक्षणं दिसायला अर्धा तास ते काही तास लागतात, तोवर राजाचं जेवण आटोपलेलं असतं. अंगरक्षकाने ताट चुलीपासून मेजापर्यंत कुणाकुणाच्या हातून आलं ते बघावं. तेवढं पुरेसं आहे.

परदेशी माणसं का नेमत?

कारण त्यांचा स्थानिक घराण्यांशी सोयरसंबंध नसतो. बायझंटाईन सम्राट दुसऱ्या बॅसिलला ९८८ च्या सुमारास कीव्हच्या व्लादिमीरने सुमारे सहा हजार योद्धे धाडले. त्यातून कुऱ्हाडवाल्या व्हॅरंजियन रक्षकांचं पथक उभं राहिलं, आणि १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर देश सुटलेले कितीतरी इंग्रज त्यात सामील झाले. तोटा असा की त्यांना दरबारातली कुजबुज कळत नाही, आणि पगार थांबला तर त्यांना धरून ठेवणारं काही उरत नाही.

निष्ठा कशावर टिकते? अंगरक्षक फितूर कधी होतो?

शपथेपेक्षा वेळेवर मिळणाऱ्या पगारावर जास्त. रोमच्या प्रेटोरियन रक्षकांनी २८ मार्च १९३ ला सम्राट पर्टिनॅक्सला मारलं आणि गादीचा लिलाव केला. दिदियस ज्युलियानसने माणशी २५,००० सेस्टर्स (रोमन नाणी) बोलून ती घेतली, आणि ६६ दिवसांत तोही मारला गेला.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचंच आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो पहाऱ्यावरच्या गारद्यांच्या हातून. हत्यारबंद माणसं वाड्यात होतीच, बाहेरून कुणी तट चढून यायची गरजच पडली नाही.

फितुरी पटण्यासारखी लिहायची तर कारणं साधी ठेवा. थकलेला पगार, सगळ्यांसमोर झालेला अपमान, ओलीस ठेवलेलं मूल, किंवा राजघराण्यातच दोन दावेदार असणं. याला उपायही जुनेच आहेत. दोन पथकं एकमेकांवर लक्ष ठेवतील अशी रचना करा, कोण कुठल्या पाळीत हे आदल्या रात्री चिठ्ठीने ठरवा, आणि खजिन्याची किल्ली पथकप्रमुखाकडे देऊ नका.

राजासारखा दिसणारा तोतया वापरत का?

हो. २१ जुलै १४०३ ला श्रूजबरीच्या लढाईत इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीची चिन्हं अंगावर असलेला सर वॉल्टर ब्लंट मारला गेला, राजा वाचला. महाराष्ट्रात तर शिवा काशीद यांचं नाव घरोघरी माहीत आहे. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निसटले, तेव्हा शिवा काशीद महाराजांच्या वेशात पालखीत बसून गेले आणि मृत्यू पत्करला.

तोतयाला चेहऱ्यापेक्षा वेश, वाहन आणि भोवतीची माणसं जुळावी लागतात. खरा राजा साध्या वेशात जात असेल आणि त्याच्याभोवती ओळखीचे सहा नाइट दिसत असतील, तर सगळं फुकट गेलं.

मराठी मातीतला अंगरक्षक लिहायचा असेल तर?

नाइट आणू नका, त्याची गरजच नाही. खाशांच्या भोवतीची हुजुरात, चिलखत, जिरेटोप, पट्टा, ढाल असं सगळं तयार आहे. १० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडची भेट बारकाईने वाचा. दोन्हीकडची मोजकी माणसं, ती किती दूर उभी राहतील याची आधी झालेली बोलणी, महाराजांच्या अंगरख्याआड चिलखत, आणि सय्यद बंडा वार करायला धावताच मधे पडलेले जिवा महाले. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण त्या एका क्षणावर उभी आहे. अंतर, आतलं चिलखत आणि योग्य जागी उभा असलेला एक माणूस, हे सगळं त्यात आहे.

स्त्री अंगरक्षक चालेल का?

खुशाल लिहा. चंद्रगुप्त मौर्याच्या भोवती शस्त्रधारी स्त्रिया असत असं मेगॅस्थेनिसच्या वृत्तान्तावरून कळतं. राणीच्या अंतर्गृहात पुरुष रक्षकाला जाता येत नसेल, तर तिथे तिची गरजच आहे.

किती वर्षांचं शिक्षण लागतं?

साधारण सातव्या वर्षी पेज (सरदाराच्या घरी कामं करत शिकणारा मुलगा), चौदाव्या वर्षी स्क्वायर, एकविसाव्याच्या आसपास नाइट. अंगरक्षकासाठी त्यावर आणखी काही वर्षं बाहेरच्या दारावर काढायला लावा. तिथे चेहरे पाठ होतात. आजच्या पोपच्या स्विस रक्षकांचे नियम नमुना म्हणून घेता येतील. स्विस नागरिक, कॅथलिक, अविवाहित पुरुष, वय १९ ते ३०, उंची किमान १७४ सेंटिमीटर, आणि स्वित्झर्लंडचं लष्करी प्राथमिक शिक्षण पूर्ण.

राज्यात जादू असेल तर काय बदलतं?

आधी जादूच्या मर्यादा ठरवा, मग पहारा. रूप बदलता येत असेल तर चेहऱ्यावर विसंबून चालणार नाही. रोज बदलणारा परवलीचा शब्द आणि त्याचं ठरलेलं चुकीचं उत्तर लागेल. भिंतीतून येता येत असेल तर दारावरची माणसं कमी करून राजाजवळची वाढवा. मनावर ताबा घेता येत असेल तर एकट्या रक्षकाला राजाजवळ कधीच ठेवू नका, आणि दोघांपैकी एकाने दर घटकेला दुसऱ्याला ठरलेला प्रश्न विचारावा. दुरून मंत्र टाकता येत असेल तर मोकळ्या सज्ज्यात दर्शन देणं बंद. प्रत्येक शक्तीला एक तोड आणि त्या तोडीला एक फट ठेवा, नाहीतर अंगरक्षकाला कामच उरत नाही.

राजा गेला की अंगरक्षकाचं काय होतं?

जुनी शपथ त्या व्यक्तीशी बांधलेली असते, त्यामुळे नव्या राजासमोर ती पुन्हा घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये राजाच्या दफनाच्या वेळी दरबारातले वरिष्ठ अधिकारी आपल्या अधिकाराच्या काठ्या मोडून कबरीत टाकत, म्हणजे त्यांचा अधिकार तिथे संपला. मृत्यू आणि नवी शपथ यांच्यामधले तास सगळ्यात धोक्याचे. तेवढ्या वेळात पथकप्रमुखाने चार गोष्टी लगेच करायच्या असतात. शयनगृहाला कुलूप, राजमुद्रा दोन साक्षीदारांसमोर पेटीत, वेशीची दारं बंद, आणि वारसाच्या दारावर दुप्पट पहारा. या चारांतली कुठली राहून गेली ते ठरवलंत की पुढचं प्रकरण कुठून सुरू करायचं ते कळेल.